निळा कागद, दोन खडू : आठवडा सहावा

समोर मॉडेल बघून निळ्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने काढायचा सराव चाललाय, त्यात या आठवड्यात एकदाचा पांढरा खडू आवरता आला. ॲमस्टरडॅमजवळ ॲमस्टलवेनला दर गुरुवारी मॉडेल असतं, वीस वीस मिनिटांच्या पोझ, आणि आधीच्या पाचही सेशनला माझं एकच व्हायचं, खांद्यावर उजेड दिसला की मी पांढरं भरत सुटायचे, ते जाऊन काळ्याला भिडायचं आणि बोट फिरवलं की सगळा राखाडी चिखल. निळा कागद घेतलाय कशाला, तो दिसायचाच नाही!

मग याकोब बाकर या डच चित्रकाराचे न्यूड स्टडीज, म्हणजे नग्न मॉडेल बघून केलेली ड्रॉइंग्ज, घेऊन बसले, १६४० च्या दशकातले, ॲमस्टरडॅममधले, निळ्या कागदावर काळा आणि पांढरा खडू. तासभर एकाच मांडीकडे बघत होते तेव्हा कळलं की अंगाचा मधला टोन त्याने काढलेलाच नाहीये, तो कागदच आहे. काळ्याने कड आणि सावली, पांढरं फक्त उजेड थेट पडतो तिथे, तेही तिरक्या रेघांनी, आणि दोघांच्या मध्ये निळं मोकळं सोडलेलं. त्याच काळातल्या गोव्हर्ट फ्लिंकचं पण तसंच, दोघं लेउवार्डनला एकाच गुरूकडे होते, लाम्बर्ट याकोब्सकडे, आणि मला तर दोघांची ड्रॉइंग्ज शेजारी ठेवली की अजून गोंधळायला होतं.

परवा म्हणून नियम केला, पहिली पंधरा मिनिटं पांढरा खडू डबीतच. आधी काळ्याने हलकी रेघ, मग पाठीच्या कण्याजवळची आणि गुडघ्यामागची सावली, शेवटच्या पाच मिनिटांत पांढरं, खांदा, नितंब आणि टाच, बस. पाठीला गोलाई आली हो! पहिल्यांदा वाटलं की आत हाडं आहेत. हात आणि पंजे मात्र अजून लाकडी येतायत, तिथे वेळच उरत नाही.

जागा पण बदलून बघा. रेम्ब्रांटच्या स्टुडिओत १६४६ च्या सुमाराला एकाच उभ्या तरुणाला शिष्यांनी वेगवेगळ्या बाजूंनी काढलंय, ती ड्रॉइंग्ज पेनची आहेत पण शेजारी शेजारी ठेवून बघितली की एक पाऊल बाजूला सरकल्यावर वजन कुठल्या पायावर आहे ते किती वेगळं वाचलं जातं ते दिसतं. मी आत्तापर्यंत खिडकीजवळचीच खुर्ची धरून होते.

पुढच्या गुरुवारी लाल खडू. आपल्या गेरूच्याच जातीतला, पण पुसला जात नाही पटकन, त्यामुळे पहिली रेघ फार हलकी ठेवायला लागेल. कोणी निळ्या कागदावर लाल वापरलाय का, की त्याला क्रीम रंगाचा कागदच बरा?