हबलचा नियम आता सिलॅबसमध्ये नाही

२०२३ च्या ऑगस्टमध्ये शाळा उघडली तेव्हा आमच्या सायन्स डिपार्टमेंटमध्ये जुनी अशी मी एकटीच उरले होते. इंटरनॅशनल बोर्डिंग स्कूलमध्ये टीचर्सची कॉन्ट्रॅक्ट्स बहुतेक दोन-दोन वर्षांची असतात, थांबणार की जाणार ते बरंच आधी सांगावं लागतं, त्यामुळे कोण जातंय हे माहीत होतं, पण चारातले तिघं एकाच वर्षी गेले. प्रिन्सिपलही नवीन आले. आणि नेमकं त्याच वर्षी आयबी डिप्लोमाच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या बोर्डाचा अकरावी-बारावीच्या वयाचा दोन वर्षांचा कोर्स, थोडक्यात डीपी) फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही विषयांचा सिलॅबस बदलला.

आयबीत सिलॅबस बदलतो तो बॅचप्रमाणे. मे २०२४ ला परीक्षा देणारी मुलं जुन्या गाईडवर, म्हणजे बोर्डाच्या जुन्या अधिकृत सिलॅबसवर, मे २०२५ वाली नव्या गाईडवर. म्हणजे वर्षभर डीपी टू ला, दुसऱ्या वर्षाला, जुनं शिकवायचं आणि डीपी वन ला, पहिल्या वर्षाला, नवीन, एकाच लॅबमध्ये, कधीकधी लागोपाठच्या तासांना. माझा विषय फिजिक्स. त्याच्या जुन्या सिलॅबसमध्ये रिलेटिव्हिटी, इंजिनिअरिंग फिजिक्स, इमेजिंग, अ‍ॅस्ट्रोफिजिक्स असे चार ऑप्शन होते, त्यातला एक घ्यायचा आणि त्यावर पेपर थ्री. नव्यात ऑप्शन गेले, पेपर थ्री गेला, सगळं ए ते ई अशा पाच थीममध्ये बसवलं, आणि रिलेटिव्हिटी एचएलच्या, म्हणजे हायर लेव्हल घेतलेल्या, प्रत्येकाला कंपल्सरी झाली. मला व्यक्तिशः हा बदल आवडला होता, अजूनही आवडतो, विषय एकसंध झाला. पण असा बदल पचवायला माणसं टिकावी लागतात.

डीपी वन च्या एचएल वर्गात अकरा मुलं होती. त्यांना ऑगस्टमध्ये मिळालेल्या टीचर घरच्या अडचणीमुळे दोन महिन्यांत गेल्या. मग जानेवारीपर्यंत कव्हर, कधी मी, कधी बायोलॉजीवाले, कधी नुसतीच वर्कशीट. जानेवारीत नवीन सर आले. ए लेव्हल हा ब्रिटिश अभ्यासक्रम शिकवून आलेले, विषय पक्का, मुलांशी बोलणं शांत. मी त्यांना लॅबच्या किल्ल्या दिल्या, शेअर्ड ड्राइव्हचा अ‍ॅक्सेस दिला आणि म्हटलं, सगळं ड्राइव्हवर आहे, काही लागलं तर विचारा. हे वाक्य मी त्या वर्षी किती जणांना म्हटलं असेन.

मार्चमधली गोष्ट. मी मुलींच्या डॉर्मची डॉर्म पेरेंटही आहे, म्हणजे वसतिगृहात त्यांच्यावर लक्ष ठेवणारी. प्रेप, म्हणजे संध्याकाळच्या अभ्यासाची वेळ, संपली, साडेनऊ झाले असतील, लाइट्स आउटच्या आधीचा गोंधळ चालू होता, कुणाचं चार्जर सापडत नाही, कुणाला घरी फोन करायचाय. त्या अकरातली एक मुलगी वही घेऊन दारात उभी. मला वाटलं एखादं गणित अडलं असेल. तिने वही उघडून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मॅम, हबलचा नियम नवीन गाईडमध्ये कुठे आहे? मला सापडत नाहीये."

हबलचा नियम म्हणजे आकाशगंगा जितकी लांब, तितक्या वेगाने ती आपल्यापासून दूर जाते. मी सहज म्हटलं, तो आता नाहीच आहे. आणि बोलता बोलता माझं लक्ष वहीकडे गेलं. स्वच्छ अक्षरात, वर तारीख, खाली लाल पेनने अंडरलाइन केलेलं शीर्षक, ऑप्शन डी, म्हणजे जुन्या सिलॅबसमधलं अ‍ॅस्ट्रोफिजिक्स. पुढची पानं उलटली. रेडशिफ्ट, कॉस्मिक बॅकग्राउंड रेडिएशन, विश्वाचं प्रसरण. तीन आठवड्यांचं काम होतं, आणि सगळं बरोबर होतं, एकही चूक नाही. फक्त ते या मुलांच्या परीक्षेचं नव्हतं.

ती गेल्यावर मी लॅपटॉप उघडला. ड्राइव्हवर दोन फोल्डर शेजारी शेजारी होते. एक या बॅचचा, तो अर्धवट, कारण तो बनवणाऱ्या टीचर मधेच गेल्या होत्या. दुसरा जुना, पूर्ण भरलेला, टर्मप्रमाणे लावलेला, त्यावरही डीपी वन असंच लिहिलेलं. मी माझ्या डीपी टू साठी तो रोज वापरत होते म्हणून उघडा ठेवला होता. नवीन माणूस कुठला उचलेल? पूर्ण आहे तोच उचलेल. चूक त्यांची नव्हतीच, माझी होती, डिपार्टमेंट हेड मी होते आणि जानेवारीपासून त्यांच्या वर्गात मी एकदाही जाऊन बसले नव्हते.

पण झोप उडाली ती दुसऱ्याच गोष्टीने. जाता जाता मी तिला विचारलं होतं, हे तू सरांनाच का नाही विचारलंस? ती जरा थांबली. मग म्हणाली, "आम्हाला सगळ्यांनाच मागच्या आठवड्यात शंका आली होती. पण ते आत्ताच आलेत मॅम. त्यांना वाईट वाटलं असतं, आणि तेही गेले असते तर?"

सोळा-सतरा वर्षांची अकरा मुलं आपसात ठरवून गप्प बसली होती, सर टिकावेत म्हणून. घरापासून लांब राहणाऱ्या मुलांना टीचर म्हणजे फक्त तासापुरता माणूस नसतो, तोच जेवताना शेजारच्या टेबलावर असतो, तोच रविवारी ग्राउंडवर, आजारी पडलं तर तोच विचारपूस करतो. वर्षात दोघं-तिघं बदलले की मुलं सावध होतात. आम्ही स्टाफ मीटिंगमध्ये त्याला व्हेकन्सी म्हणायचो.

सकाळी पहिल्या तासाआधी मी सरांना लॅबमध्ये गाठलं आणि आधी माझी चूक सांगितली, मग वही दाखवली. त्यांचा चेहरा उतरला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत, नुसती पानं उलटत राहिले. मग त्यांनी विचारलं, मुलांना कधीपासून माहीत आहे? मी खरं ते सांगितलं, कारणासकट. मी म्हटलं वर्गाशी मी बोलते. ते म्हणाले नको, मीच बोलतो.

मी मागच्या बाकावर बसले. त्यांनी नवीन गाईड प्रोजेक्टरवर लावलं आणि म्हणाले, तीन आठवडे मी तुम्हाला चुकीचा भाग शिकवला, आता यातलं काय वाचवता येतं ते आपण मिळून बघू. आणि बरंच वाचलं. नव्या थीम ई मध्ये फ्यूजन आणि तारे आहेत, त्यामुळे पॅरलॅक्स (ताऱ्यांचं अंतर मोजायची पद्धत) आणि एचआर डायग्रॅम (ताऱ्यांचं तापमान आणि तेज यांचा आलेख) जसेच्या तसे राहिले. रेडशिफ्टचा काही भाग डॉपलर इफेक्टच्या धड्यात बसला. गेलं ते कॉस्मॉलॉजी, म्हणजे एकूण विश्वाचा अभ्यास. एका मुलाने विचारलं ती पानं फाडून टाकू का, सर म्हणाले अजिबात नको, विश्व काही बंद पडलेलं नाही. तेव्हा मुलं पहिल्यांदा मोकळी हसली. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी फळ्यावर दोन आरसे काढून लाइट क्लॉक सुरू केलं, रिलेटिव्हिटीचा पहिला तास.

बुडालेले तास आम्ही शनिवारी सकाळी भरून काढले, मेपर्यंत. जुना फोल्डर मी त्याच दिवशी लॉक केला. आणि नंतर जो कुणी टीचर शाळा सोडून गेला त्याच्याकडून मी प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून घेतल्या, कोण कुठे अडतं, कुणाला विचारायला संकोच वाटतो. काही जण कंटाळले, पण मी सोडलं नाही.

मे २०२५ ला त्या बॅचचा पेपर झाला. आपल्या विषयाच्या पेपरला आपण सुपरविजन करू शकत नाही, म्हणून मी हॉलपासून लांबच होते, आणि पेपरवर २४ तास बोलायचं नाही हा नियम, त्यामुळे ती मुलगी दिसली तेव्हा नुसती हसली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दार उघडं ठेवून वाट बघत बसले. ती आली, पण अर्ध्या तासाने. म्हणाली, "सॉरी मॅम, आधी सरांकडे गेले होते."