तुंबी, टिपू आणि आईंचा तानपुरा

आमच्या घरात पहाटे साडेचारला पहिला आवाज तुंबीचा. मांजर एवढ्या मोठ्यानं ओरडू शकतं हे ती येईपर्यंत मला माहीत नव्हतं. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नाही, म्हणून तो किती लावायचा हेही तिला कळत नाही. तुंबी ठार बहिरी आहे.

तिचा जन्म आमच्या मागच्या गल्लीतला, सतारी-तानपुरे करणाऱ्या एका कारखान्यातला. मंगळवेढ्याकडून कडू भोपळे येतात, ते महिनोन् महिने वाळतात, मग कापून, भिजवून आकाराला आणतात. अशाच एका कापलेल्या भोपळ्यात कारखान्याच्या चाचांना चार पिल्लं सापडली. तीन करडी आणि एक पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची. ती पांढरी आमच्या लेकीनं ओढणीत गुंडाळून आणली. भोपळ्याला तुंबा म्हणतात, तेव्हा नावाचा प्रश्नच नव्हता.

बहिरेपण कळायला दोन महिने लागले. कुकरच्या शिट्टीला ती ढिम्म असायची, आम्हाला वाटे गाढ झोपते. दिवाळीत समजलं. टिपू, आमचा गावठी कुत्रा, पहिल्या बॉम्बलाच पलंगाखाली शिरून थरथरत होता आणि ही खिडकीत बसून पाऊस बघावा तशी फटाक्यांचा उजेड बघत होती. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे स्टीलचं भांडं आपटून पाहिलं, कान हललासुद्धा नाही. दोन्ही डोळे निळे असलेली पांढरी मांजरं बऱ्याचदा बहिरी असतात, असं ते म्हणाले. आता तिला बोलवायचं तर आम्ही फरशीवर टाच आपटतो नाहीतर दिवा उघडझाप करतो. रस्त्यावर मात्र एकटं सोडत नाही. हॉर्न ऐकू न येणाऱ्या जिवाला मिरजेचे रस्ते झेपणारे नाहीत.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाचला तानपुरा घेऊन बसतात. काळी चार पट्टीचा तानपुरा, लग्नाआधीपासूनचा. त्यांचं गाणं कधी मंचावर गेलं नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या पुण्यतिथीला दर्ग्याच्या आवारात संगीतसभा होते, तिथे त्या सतरंजीवर बसून रात्र-रात्र ऐकत आल्या, आणि पहाटे घरी येऊन चार तारा छेडत राहिल्या. एवढंच त्यांचं गाणं. मला ते फार मोठं वाटतं.

टिपूचं नावही त्यांनीच ठेवलंय. खाँसाहेबांनी आपल्या टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात आवाज काढायला शिकवलं होतं, ही गोष्ट मिरजेत आजही सांगतात. आमचा टिपू आईंच्या आलापाला कधी साथ देत नाही, दारात पंजावर हनुवटी टेकून नुसता पडून राहतो. पण जंक्शनवरून गाडीचा भोंगा आला की उठून मान वर करतो आणि भोंगा थांबेपर्यंत सूर लांबवतो. प्रत्येक भोंग्याला नाही. त्याचा एक ठरलेला, खालच्या पट्टीतला भोंगा आहे. तेवढ्यालाच.

आई बसल्या की तुंबी येते आणि तानपुऱ्याच्या भोपळ्याला अंग लावून पडते. अगदी पाठ चिकटवून. पहिल्यांदा आम्हाला वाटलं, जन्मभूमीची ओढ. मग एकदा मी तिच्या शेजारी भोपळ्यावर तळवा ठेवला. प, सा, सा, आणि चौथी पितळेची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार छेडली की हाताला मुंग्या आल्यासारखं होतं. ती थरथर तिच्या अख्ख्या अंगाला पोचत असणार. ऐकण्यापेक्षा हे काही कमी आहे असं मला वाटत नाही.

तिची एक खोड मात्र जात नाही. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर, तारेखाली झंकारासाठी सरकवलेला जवारीचा दोरा ती पळवते. दोरा गेला की तार मुकी होते. गेल्या वर्षभरात मी चाचांकडून निदान दहादा सुती दोरा आणला असेल. ते पैसे घेत नाहीत, फक्त विचारतात, “आमची पोरगी बरी आहे ना?”

याच वेळात मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहिते. दिवाळी अंकाच्या कथा जुलै-ऑगस्टमध्ये द्याव्या लागतात, आणि डबा-शाळा-बँक सुरू होण्याआधीचे हे दोन तासच माझे. मधलं दार मी लावत नाही. खर्जाच्या तारेवर वाक्य संपवायची सवय हाताला लागली आहे, ती मोडायची माझी इच्छा नाही.

दोन वर्षांपूर्वी आईंचे कान तपासले. वरच्या पट्टीतलं त्यांना आता फारसं ऐकू येत नाही. कानाला यंत्र बसवलं, त्यानं बोलणं ऐकू येतं, पण तानपुरा त्यांना पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा लागतो. म्हणून पाचला बसताना त्या यंत्र काढून डबीत ठेवतात आणि गाल भोपळ्यावर टेकतात. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला तुंबी.

या जुलैत आईंना ताप आला. आठ दिवस तानपुरा गवसणीत होता आणि तुंबी त्या गवसणीला टेकून झोपत होती. कुणी छेडत नव्हतं तरी. नवव्या दिवशी आईंनी लेकीला हाक मारली. बसायची ताकद नव्हती. तिनं तानपुरा पलंगावर त्यांच्या कुशीत आडवा ठेवला आणि छेडायला लागली. तुंबी चढून आपल्या जागी गेली. आईंचा हात भोपळ्यावर होता, डोळे मिटलेले, यंत्र डबीत. मी पेजेची वाटी घेऊन दारातच थांबले.

“खर्ज उतरलाय गं,” आई म्हणाल्या.

लेकीनं मोबाइलवर ट्यूनर लावून पाहिलं. जरासा उतरला होता. तिनं सूर जुळवायचा तारेतला मणी सरकवला, तार पुन्हा छेडली, आणि आईंनी हातानंच खूण केली, असू दे, आता थांबू नकोस.