गिरणीवाल्याची पटकथा: सोलापुरात बसून हिंदी विनोदी सिनेमा लिहिताना

सिनेमा लिहायचं वेड लागलेला गावकरी म्हणजे हिंदी विनोदी सिनेमाला हमखास पुरून उरणारा नायक. पण तो कागदावर उतरवताना बरेच जण त्याच्या स्वप्नालाच हसायला लावतात. त्याचं इंग्रजी कच्चं, त्याचे कपडे गबाळे, मुंबईत उतरल्यावर तो भांबावलेला. प्रेक्षक यावर दहा मिनिटं हसतो आणि मग त्या माणसाचं पुढं काय होतंय याच्याशी त्याला देणंघेणं उरत नाही. हसू यायला हवं ते त्याचं स्वप्न आणि त्याचा पोटाचा धंदा एकमेकांच्या आड येतात तिथून. त्यामुळं त्याला काय व्हायचंय हे नंतर बघा. तो दिवसभर काय करतो, ते आधी ठरवा.

आपल्या जिल्ह्यात याची उत्तरं पावलोपावली आहेत. शहरात यंत्रमाग आणि विडीचं काम, सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा, मंगळवेढ्याची ज्वारी. इथं उदाहरणाला अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावातली पिठाची गिरणी घेऊ आणि चालवणाऱ्याला बसू म्हणू. गिरणी घ्यायचं कारण असं, की अख्खं गाव तिथं डबा घेऊन येतं, रांग लागते आणि रांगेला नियम असतात. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू. मध्येच कुणी हरभऱ्याची डाळ आणली की भांडण ठरलेलं. शिवाय गिरणी चालू असताना कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. गोष्ट सांगायची खाज असलेल्या माणसाला याहून वाईट जागा नाही, म्हणजेच विनोदाला याहून चांगली जागा नाही.

आता एक सीन जवळून बघू. बसू रांगेतल्या म्हातारीला आपल्या सिनेमाचा शेवट ओरडून सांगतोय. त्याच्या गोष्टीतला चोर तिजोरी पळवतो. नेमकी त्याच आठवड्यात गावच्या सोसायटीची तिजोरी गायब झालीय. इतक्यात लाइट जाते.

पहिल्या मसुद्यात हा सीन असा येतो: लाइट जाते, एकदम शांतता, बसूचं वाक्य सगळ्यांच्या कानावर. हे वाचायला बरं वाटतं, पण गिरणी अशी थांबत नाही. मोटर बंद पडली तरी पट्टा आणि दगड आपल्या वेगानं थोडा वेळ फिरत राहतात, आवाज उतरत उतरत जातो. ही उतरंडच खरा विनोद आहे. म्हणून वाक्याचे तीन तुकडे करायचे: पहिला आवाजात बुडालेला, दुसरा अर्धामुर्धा, तिसरा लख्ख.

सीन 17. आतील. बसूची गिरणी. सकाळ.
गिरणी सुरू. दारावर खडूनं लिहिलंय, 'लाइट 11 ते 2 नाही'. घड्याळात अकराला मिनिटभर कमी. बसू म्हातारीच्या कानाशी ओरडतोय. त्याचे फक्त ओठ हलताना दिसतात. लाइट जाते. दगड फिरतोच आहे.
बसू: ...रात को कुलूप तोड्या...
आवाज उतरतो. रांगेतली दोन डोकी वळतात.
बसू: ...तिजोरी उठाया, सीधा खेत में...
दगड थांबतो.
बसू: ...किदर गाड्या, वो मेरेकोच मालूम!
रांगेच्या टोकाला सोसायटीचा शिपाई. हातातला डबा तो सावकाश खाली ठेवतो.

हा सीन 22 व्या पानावर येत असेल तर दारावरचा खडू 6 व्या पानावर दिसलेला असावा आणि तिजोरी गेल्याची बातमी 14 व्या पानापर्यंत आलेली असावी. नाहीतर लाइट लेखकाच्या सोयीनं गेली असं वाटतं, आणि विनोदात योगायोग प्रेक्षक एकदाच माफ करतो. म्हातारीचंही आधी ठरवून ठेवा. तिला कमी ऐकू येतं, म्हणून तर ती एवढा वेळ मान डोलावत ऐकते. पुढं पोलिसांसमोर साक्ष द्यायला तिलाच बोलावतात, तेव्हा ही मान पुन्हा कामाला येते.

पानांच्या हिशोबात इथले लिहिणारे फसतात. एक पान म्हणजे पडद्यावरचा एक मिनिट, हा ठोकताळा रोमन लिपीतल्या कुरिअर 12 च्या टंकासाठी आहे. देवनागरीत ओळींची उंची आणि शब्दांची लांबी वेगळी पडते, त्यामुळं 120 पानं झाली म्हणजे दोन तास झाले असं धरू नका. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून सीन मोठ्यानं वाचा. संवाद पानाच्या अंदाजापेक्षा भरभर संपतात, तर वरच्यासारखी चार ओळींची कृती सहज मिनिटभर खाते. हिंदीत इंटरव्हल लागतो, तेव्हा साधारण मध्यावर गोष्टीला वळण हवं. बसूच्या बाबतीत ते अटकेचं नसावं. त्याच्या चोरीच्या गोष्टीवरून पोलिसांना खरा चोर शोधता येईल असं फौजदाराला वाटायला लागतं आणि बसूला आयुष्यातला पहिला वाचक मिळतो, हे वळण कितीतरी पुढं नेणारं आहे. आधी सगळे सीन पोस्टकार्डांवर लिहून जमिनीवर मांडा. 60 ते 80 कार्डं पुरेत. जे काढलं तरी पुढचं कार्ड हलत नाही, ते कितीही हसवणारं असलं तरी बाहेर.

भाषेबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. हिंदी सिनेमातला गावकरी म्हटलं की लिहिणाऱ्याच्या हातून 'हमका', 'तोहार' यायला लागतं. ती उत्तरेकडची बोली आहे. सोलापूरकडचा माणूस हिंदी बोलतो ती दखनी वळणाची. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात, त्यातून घडलेली. 'नक्को', 'हौ', 'कायकू', आणि वाक्याच्या शेवटी आपला 'बे'. ही बोली नायकाच्या तोंडी ठेवली तर हिंदी प्रेक्षकालाही ती नवी वाटते. मराठी-हिंदी शब्दांच्या गफलतीही हाताशी आहेत. मुंबईचा निर्माता फोनवर म्हणतो, 'हम पूरी चेष्टा करेंगे.' हिंदीत याचा अर्थ प्रयत्न करू. बसूला ऐकू येतं, आम्ही तुझी पुरेपूर चेष्टा करू, आणि तो फोन आपटतो. असा विनोद एका सिनेमात एकदाच, आणि त्यानं गोष्ट वळली पाहिजे. 'शिक्षा', 'संसार', 'खाली' असे सगळे शब्द एकापाठोपाठ वापरले की शाळेतला स्नेहसंमेलनाचा कार्यक्रम होतो.

खर्चाचं भान लिहितानाच ठेवा. 'गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक' ही तुमच्यासाठी एक ओळ आहे. निर्मात्यासाठी ती सात नंदीध्वज, बाराबंदी घातलेले शेकडो लोक, पोलिसांची परवानगी आणि संक्रांतीलाच साधावी लागणारी तारीख आहे. कथेला यात्रा हवीच असेल तर मिरवणुकीचा आवाज गिरणीत ऐकू येऊ द्या आणि रांग रिकामी दाखवा.

गावाकडचा विषय हिंदी सिनेमाला चालतो का, असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगोल्याला लागून असलेल्या आटपाडी तालुक्याकडं बघावं. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर 1957 च्या 'दो आँखें बारह हाथ'चे लेखक, आणि त्या सिनेमाची कल्पना आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगातून आली. विषय त्यांच्या उंबऱ्याशीच होता.

मसुदा झाला की कुणाला पाठवण्याआधी नोंदणी. मुंबईत अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. आधी सभासद व्हावं लागतं, मग पटकथा ऑनलाइन नोंदवता येते, फेरी मारायची गरज नाही. फाइल युनिकोडमध्येच टाइप केलेली असू द्या. जुन्या फॉन्टमधलं लिखाण दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की अगम्य चिन्हं दिसतात आणि समोरचा पहिल्या पानावरच थांबतो. नुसती कल्पना नोंदवून निवांत राहू नका. 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तो तिच्या मांडणीवर असतो. 'गिरणीवाला सिनेमा लिहितो' ही ओळ कुणीही घेऊ शकतो. उतरत्या आवाजातला तो सीन, तुमच्या क्रमानं आणि तुमच्या संवादांसह, घेता येत नाही. म्हणून नोंदणी सविस्तर लिखाणाची करायची.

नॅरेशनला बोलावलं तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी दादर गाठता येतं. पूर्ण कथा 40 मिनिटांत तोंडी सांगायची तयारी ठेवा. वाचून दाखवू नका. सांगताना हशा आला नाही तर विनोद समजावून सांगू नका, पुढं चला.

करार झालाच तर तीन गोष्टी बघा: पैसे कोणत्या टप्प्याला किती, पडद्यावर कथा, पटकथा आणि संवाद यांपैकी कशाचं श्रेय, आणि मुदत. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखीच लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरले नाहीत तर ते आपोआप संपतात, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. आणि निर्मात्यांच्या छापील मसुद्यात हे वेगळं बहुतेक वेळा लिहिलेलं असतंच, शेवटच्या पानांत, एका ओळीत. ती ओळ शोधा आणि तिच्या जागी किती महिन्यांत चित्रीकरण सुरू झालं नाही तर पटकथा परत मिळेल, तो आकडा लिहून मागा.