रेडिओबुवांशिवायची पहिली वारी

2024 साली 29 जूनला आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान झाले, तेव्हा आमच्या दिंडीत एक माणूस कमी होता, आणि तो माणूस आमच्यासोबत कधी एक पाऊलही चालला नव्हता. आकाशवाणीवर सकाळी अभंगाचे निरूपण करणाऱ्या त्या निवेदकांना आमच्या दिंडीतल्या बायका ‘रेडिओबुवा’ म्हणत. काकडा आटोपून तळ हलवण्याची लगबग सुरू झाली की मावशी पिशवीतून छोटा ट्रान्झिस्टर काढत, आणि चहाचे पेले रिकामे होईपर्यंत तो आवाज आमच्या पालात बसलेला असे. त्याआधीच्या पौषात ते गेले. बातमी कळली त्या दिवशी मला मावशींचा फोन आला होता. दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

त्यांची विद्वत्ता मोठी होती, पण लोकांनी त्यांच्यावर जीव लावला तो त्यांच्या हसवण्यामुळे. धर्मावर बोलणारा माणूस श्रोत्याला सहज धाक घालू शकतो; हे चुकले, ते राहिले, याचे पाप लागेल, असे सांगितले की ऐकणारा मान खाली घालतो. त्यांनी वर्षानुवर्षे बोलूनही कोणाला मान खाली घालायला लावली नाही. एका आजीबाईंनी पत्रातून विचारले होते की हरिपाठ म्हणताना दूध उतू जाऊ लागले, तर मध्येच उठावे का. त्यावर ते म्हणाले, “आजी, आधी ज्योत बारीक करा. माउलींनी देवाच्या दारात क्षणभर उभे राहायला सांगितले आहे, पण घरचे दूध सांडून या, असे कुठे म्हटलेले मला सापडले नाही.” आणि मग त्याच सहजतेने ते त्या ‘क्षणभरी’ शब्दावर असे काही बोलले की चहाचा पेला माझ्या हातात तसाच राहिला. हसून मोकळ्या झालेल्या मनात अर्थ किती अलगद उतरतो, हे मला त्या सकाळी उमगले.

त्या वारीत एकादशीला आम्ही पुण्याहून सासवडकडे निघालो. 30 किलोमीटरांहून लांबचा हा टप्पा, त्यात उपवास, आणि शेवटी दिवे घाटाची चढण, जिथे माउलींच्या रथालाही जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. घाटाच्या मध्यावर माझा गुडघा इतका दुखू लागला की मी कठड्याला टेकले, आणि पुढे जाणाऱ्या पताका पाहताना डोळ्यांत पाणी आले, कारण वारीत बसून राहणे म्हणजे काहीतरी मोडणे, ही भीती मनात खोल रुतलेली असते. तेव्हा त्यांचेच एक वाक्य आठवले. ते म्हणाले होते, “विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे तो तुमच्यासाठी. त्याच्याशी उभे राहण्याची पैज लावू नका. दमलात तर बसा, तो ओळखेल.” मी बसले. एका अनोळखी माउलींनी न विचारता माझ्या गुडघ्याला तेल चोळले, आणि मग आम्ही दोघी सासवडपर्यंत सोबत चाललो.

जेजुरी, वाल्हे मागे पडले, नीरेच्या पात्रात पादुकांचे स्नान झाले, लोणंद सोडल्यावर चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण पाहिले आणि तरडगावच्या तळावर पोहोचलो. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या मिळून करतात ती समाजआरती हा रेडिओबुवांचा विशेष आवडता विषय होता. सगळ्या दिंड्यांचे टाळ एकाच वेळी घुमत असतात. चोपदार दंड उंचावून ‘हो’ म्हणतात आणि क्षणात सारा तळ शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, मग चोपदार तिथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतात आणि तोड काढतात. “हा नियम घरोघरी लावला,” ते म्हणत, “तर भांडणे मिटतील की नाही सांगता येत नाही, पण महिन्याभरात सगळे तालात येतील.”

त्या संध्याकाळी एकाही दिंडीचे टाळ वाजत राहिले नाहीत. त्या शांततेत सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जाऊ लागली: एक पिशवी, एक छत्री, आणि काळा दोरा बांधलेला चष्मा. मावशी ताडकन उठल्या. दोन दिवस त्यांना चष्म्यावाचून काही दिसत नव्हते. हरिपाठ पाठ असल्याने कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते.

पालात परतल्यावर त्यांनी काचा पदराने पुसल्या, दोरा मानेभोवती घातला आणि पिशवीच्या तळाशी जपून ठेवलेली वही काढली. रेडिओवर ऐकलेली बुवांची वाक्ये त्यांनी तीत वर्षानुवर्षे उतरवून ठेवली होती. अक्षर मोठे, ओळी वरखाली गेलेल्या, एका पानावर चहाचा डाग. त्यांनी आम्हाला दुधाचा तो प्रसंग वाचून दाखवायला घेतला. पाचसहा शब्द वाचून झाले असतील नसतील, त्या थांबल्या आणि शेगडीपाशी बसलेल्या सुनेकडे वळून म्हणाल्या, “अगं, आधी ज्योत बारीक कर, मग ऐकायला ये.”