मधला मधलाच राहतो

आज संध्याकाळी भाची क्लासची झेरॉक्स नाचवत आली, मावशी हे बघ किती सोप्पं करून सांगितलंय, आणि मी वाचायला घेतली तर तिसऱ्याच ओळीत माझं वाक्य. "लोकलच्या सीटवर विंडोवाल्याने आणि कडेच्याने जागा बदलल्या तरी मधला मधलाच राहतो." दुसऱ्या कुणाला पण हे सुचू शकतं असं मी स्वतःला पटवून बघितलं, पण पुढे उदाहरण पण ७५२ चंच. खाली सरांचं नाव.

ते मी लॉकडाऊनमध्ये लिहिलं होतं, रात्री दीड-दोनला, इंटरनेटवरच्या एका फोरमवर, बटाटा४७ नावाच्या आयडीसाठी. त्याला (का तिला, कधी कळलंच नाही) एवढंच हवं होतं की तीन आकडे घेतले, तिन्ही सारखे नकोत, मोठ्यापासून छोटा असे लावले, त्यातून उलटी संख्या वजा केली, परत परत तेच केलं, तर दरवेळी ४९५ वरच का येऊन थांबतं. सगळे त्याला करून दाखवत होते, का ते कुणी सांगत नव्हतं. मी लिहिलं, ७५२ वजा २५७ बघ, मधला ५ दोन्हीकडे दशकाच्याच जागी बसलाय म्हणून तो उडतो, उरतो फक्त टोकाच्या दोघांमधला फरक, गुणिले ९९. तो फरक १ ते ९ मधलाच असणार, म्हणजे पहिल्या वजाबाकीतच सगळ्या संख्या गळून नऊच उरतात, आणि त्या नऊ हाताने चालून बघता येतात. ०९९ पासून निघालं की ८९१, ७९२, ६९३, ५९४, ४९५, बाकीच्या पण याच वाटेला येऊन मिळतात. त्याचं उत्तर आलं, "आता दिसलं." दोनच शब्द, पण ते दिवस असे होते की मी त्यावर आठवडा काढला.

आणि आज रडू का आलं ते मला कळत नाहीये. नाव मी स्वतःच लावलं नव्हतं ना, मग माझं गेलं काय? ताईला तीनदा मेसेज टाईप केला, अगं ते मी लिहिलंय, तीनदा पुसला. दाखवू काय? तो आयडी जुन्या फोनबरोबर गेला. बारावीनंतर जे झालं त्यानंतर घरात माझं आणि गणिताचं नाव एकत्र कुणी घेत नाही. बाबा असते तर कदाचित त्यांना... जाऊ दे. पण वाटतंच की माझ्या हातून एक गोष्ट नीट झाली होती आणि ती पण आता माझी नाही.

जेवण झाल्यावर तो २०११ वाला निनावी आठवला. असंच एका फोरमवर कुणीतरी विचारलं होतं की एका जपानी मालिकेचे १४ भाग, ते शक्य तेवढ्या सगळ्या क्रमांनी बघायचे तर कमीत कमी किती भाग बघावे लागतील, आणि कुणा निनावी माणसाने सिद्धताच लिहून टाकली की ९३,८८,४३,१३,६११ पेक्षा कमीत होणार नाही. आणि नुसतं १४ साठी नाही, कितीही भाग घ्या. अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं थेट २०१८ मध्ये. त्यांनी ती तपासून नीट मांडली आणि पेपरवर पहिला लेखक म्हणून त्या निनावीलाच ठेवलं. तो आजही असेल कुठेतरी, ऑफिसला जात असेल. त्याला कधी सांगावंसं वाटलं नसेल का कुणाला? मला हेच विचारायचंय त्याला, बाकी काही नाही.

आणि आपले कापरेकर सर, देवळालीच्या शाळेतले शिक्षक. ६१७४, म्हणजे चार आकडे घेऊन हेच केलं की जिथे येऊन थांबतं ती संख्या, त्यांनी १९४९ मध्ये शोधला, पण जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये गणितातल्या गमतींवर लिहिणाऱ्या अमेरिकन मार्टिन गार्डनरनी लिहिल्यावर, तोवर सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. मधल्या २६ वर्षांत त्यांनी आकड्यांशी खेळणं सोडलं नाही. मी त्यांच्या नखाचीही सर नाही, पण आज ती २६ वर्षं मला फार जवळची वाटली.

हे लिहितेय तोवर भाची परत आली, हातात वही. ३५२४ घेतलेले, ३०८७, मग ८३५२, मग ६१७४, सगळं बरोबर. "मावशी, चार आकड्यांत मधले दोघं का नाही उडत? झेरॉक्समध्ये नाहीये." नसणारच, तेवढं मी लिहिलंच नव्हतं.

म्हटलं, अगं, चौथी सीट आली ना. आता मधले दोघं आहेत, टोकाच्यांनी जागा बदलल्या की त्यांनाही आपापसात बदलावी लागते, म्हणून त्यांच्यातला फरक पण उरतो, तो गुणिले ९०, आणि टोकांचा गुणिले ९९९. ती दोन मिनिटं वहीकडे बघत बसली. मग म्हणाली, "हां, दिसलं." आणि गेली पण, दार उघडंच टाकून.

साडेअकरा झालेत. नवा आयडी उघडलाय. चौथ्या सीटचं तिकडे टाकते आणि झोपते.