आमची वाटचाल : बुशवरचा 'क'

बाबांनी लालबागला गाळा घेतला तेव्हा बोर्डसुद्धा लावला नव्हता. कापड गिरणीचा जॉबर (खात्याचा मुकादम) झिजलेला पार्ट फडक्यात बांधून आणायचा आणि दुसरी पाळी सुटायच्या आत नवा घेऊन जायचा. एक लेथ, एक शेपर, एक पिलर ड्रिल. लूमचे, म्हणजे मागाचे, गनमेटल बुश (फिरत्या दांड्याभोवती बसणारी धातूची नळी) ही आमची खासियत. प्रत्येक बुशवर बाबा बारीक 'क' ठोकायचे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप लागला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाख माणूस बाहेर. बाबा म्हणाले, गणपतीपर्यंत मिटेल. तो संप मागे घेतल्याचं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही! एका गिरणीकडे आमची दीड वर्षाची बिलं अडकली. आईच्या पाटल्या गेल्या, शेपर गेला. लेथ मात्र बाबांनी विकू दिला नाही, रोज बेडला तेल लावून ठेवायचे. ती गिरणी लिक्विडेशनमध्ये गेली, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवायची वेळ आली. कंपनी कायद्याच्या १९८५ च्या दुरुस्तीने कामगारांची देणी बँकांच्या बरोबरीला आली, ते रास्तच. पण आमच्यासारखे स्पेअरवाले रांगेत शेवटी. त्या अडकलेल्या बिलांची फाइल अजून माझ्या कपाटात आहे.

तारलं ते भिवंडीच्या एका चाचांनी. गिरण्यांचे भंगारात निघालेले लूम तिकडे जात होते. चाचांनी एक झिजका बुश टेबलावर ठेवला आणि विचारलं, "ये किसका हाथ है?" वर आमचा 'क'. बाबा काही न बोलता हात धुवायला गेले. त्या दिवसापासून चाचांचं काम कधी चुकलं नाही आणि पैसे रोख. (तरुणांनो, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा आणि ४५ दिवसांवर उधारी ठेवू नका. कायदा आपल्या बाजूने आहे. आणि लेथच्या बेडवर हातोडा ठेवू नका.)

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : पालिका, म्हाडा, मालक. २००१ मध्ये वाटणी फक्त मोकळ्या जागेची उरली, बाकी टॉवर. कामगारांना घरांसाठी लॉटरी तरी लागली. गाळेवाल्यांना कुणी विचारलंच नाही. एवढ्या जमिनीतून एक शेड सोडली असती, शिकवायला रिटायर फिटर होते आणि शिकायला आयटीआयची पोरं होती. आता आम्हीच दरवर्षी दोन अप्रेंटिस घेतो. पहिला आठवडा त्यांच्याकडून फक्त टूल घासून घेतो. या वर्षीची मुलगी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) माझ्यापेक्षा पटकन वाचते. 'क' ठोकायचा पंच तिच्याच ड्रॉवरमध्ये असतो.