साठ की एकसष्ट

पटावर 63 मुलं, शाळांच्या सरकारी पोर्टलवर आधार जुळलेली 56. शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार हे ठरवणाऱ्या 2022-23 च्या संच मान्यतेत फक्त जुळलेली मुलं धरायची होती आणि मुदतीचा एक दिवस उरला होता. शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. शिक्षक तीन. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे 60 पर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. म्हणजे पाच नोंदी दुरुस्त झाल्या नाहीत तर एक शिक्षक अतिरिक्त.

सकाळी हाताशी असलेली पाच आधारकार्डं आणि जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, शेजारी शेजारी मांडलं. रेंज खिडकीपाशीच येते, त्यामुळे मोबाइल गजाला बांधून हॉटस्पॉट लावला. जुळणी नाव, लिंग आणि जन्मतारखेची होते; एक चुकलं तरी नोंद परत. चूक बहुतेक वेळा शाळेचीच असते, हे आधी मान्य केलं की काम लवकर उरकतं. दोन मुलींच्या नावापुढे आम्हीच 'मुलगा' नोंदलं होतं. एकाच्या आधारवर वडिलांचं नाव नव्हतं, एकाच्या आडनावात इंग्रजी 'ए' जास्तीचा. आधारप्रमाणे नाव लिहायचं म्हणजे त्यातल्या चुकीसकट लिहायचं. साडेबारापर्यंत आकडा 60 वर आला.

तेवढ्यात खिचडी शिजली. हजर मुलं 41, बाकीची आईबापांबरोबर उसाच्या फडावर. पोषण आहारात पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ आणि 20 ग्रॅम डाळ, म्हणून 4 किलो 100 ग्रॅम तांदूळ, 820 ग्रॅम डाळ. तांदूळ हजेरीवर मोजायचा आणि शिक्षक आधारवर, असा हा हिशेब.

उरली तीन मुलं. एक कर्नाटकात, त्याचं कार्ड बापाच्या खिशात आणि फोन बंद. दुसऱ्या मुलीची आधार नोंदणी दोनदा करून दोनदा नाकारली गेली होती. तिसरा मुलगा तिसरीतला, हंगामात आजीजवळ राहणारा. त्याचं नाव जुळत होतं, लिंग जुळत होतं. रजिस्टरला जन्मतारीख अंगणवाडीच्या नोंदीवरून 12 फेब्रुवारी 2014, आधारवर 1 जानेवारी 2014. कागद नसला आणि आईबापांनी नुसतं वय सांगितलं की आधारवर अशी 1 जानेवारी पडते. ऊसतोडीच्या गावांत या तारखेला वाढदिवस असलेली मुलं वर्गावर्गात सापडतात.

आधार केंद्रात विचारलं तर जन्मदाखला मागितला. आईला फडावर फोन लावला.

"दाखला कुठला, गुरुजी? कोपीवरच बाळंत झाले मी. सकाळी झाला अन् दुसऱ्या दिशी मोळ्या बांधायला गेले."

कोपी म्हणजे फडाजवळची झोपडी. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते. म्हणजे इथली ग्रामपंचायत काही करू शकत नव्हती. नोंद सांगली जिल्ह्यातल्या कारखान्याकडच्या गावात व्हायला हवी होती. वर्ष उलटून गेलेलं असल्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांचा आदेशही लागत होता. तिथं जाऊन खेटे घालायचे तर दोघा नवराबायकोच्या कोयत्याचा खाडा, आणि उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली. संध्याकाळपर्यंत होण्यासारखं यात काहीच नव्हतं.

एक चोरवाट होती. पोर्टलवर 1 जानेवारी टाकायची, नोंद लगेच जुळते. पुष्कळ शाळा तसं करतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण जनरल रजिस्टरमधली तारीख वरिष्ठांच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. मग पोर्टलवर एक, रजिस्टरला दुसरी. चौथीनंतर शाळा सोडल्याचा दाखला काढताना, पुढं जातीच्या दाखल्याला, दहावीच्या फॉर्मला हा फरक मुलाच्याच मानगुटीवर बसतो. आम्ही तारीख तशीच ठेवली.

आधारची सक्ती उगाच आलेली नाही, हेही खरं. ऑक्टोबर 2011 च्या पटपडताळणीत मुलांच्या बोटांना शाई लावून मोजणी झाली, तेव्हा कागदावर असलेली लाखो मुलं शाळांत सापडली नव्हती. मात्र तेव्हा पोर समोर उभं असलं की मोजलं जायचं. आमचा तिसरीतला मुलगा त्या दुपारी ऑफिसच्या दारातच ताट धूत होता.

संच मान्यता 60 वर झाली, पदं दोन. समायोजनात तिसऱ्या शिक्षिकेला दुसरी शाळा मिळाली. आता पहिली-दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या खोलीत. एका वर्गाला पाढे लिहायला लावायचे तेव्हा दुसऱ्याला शिकवून होतं. दोघांतला एक प्रशिक्षणाला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला की चारही वर्ग व्हरांड्यात एकत्र.

मार्च-एप्रिलमध्ये फडावरून परतणाऱ्या मुलांना त्या गेलेल्या बाई रोज अर्धा तास वेगळं बसवायच्या. जोडाक्षरं आणि हातच्याची वजाबाकी, पाचेक महिन्यांत सुटलेलं एवढंच त्या घ्यायच्या. नव्या वेळापत्रकात तो तास कुठंच बसेना.